पंचक्रोशीचा कागद

शहापूरच्या आमच्या घरात सकाळी सगळ्यात आधी वाचलं जायचं ते ‘तरुण भारत’मधलं निधन वार्तांचं पान. अग्रलेख त्यानंतर, क्रिकेट त्याच्याही नंतर. बाबा चष्मा लावून दारातच उभ्यानं ते पान बघायचे आणि कुणाचं रक्षाविसर्जन कधी, हे आत आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगायचे. त्यावरून दिवस ठरायचा. वडगावला जायचं असलं तर दुकान तासभर उशिरा उघडायचं, खानापूरला असलं तर सकाळची एसटी गाठायची. बाबूराव ठाकूर यांनी १९१९ साली सुरू केलेलं हे पत्र सीमाप्रश्नावर काय लिहितं, याची चर्चा चौकात व्हायची. घरात मात्र त्याचा मान या एका पानामुळे होता. १९५६ साली बेळगाव मैसूर राज्यात गेलं, हळूहळू कचेरीतले कागद कन्नडात आले, पाट्या बदलल्या. पण माणूस गेल्याची बातमी आम्हाला मराठीतच कळत राहिली. यात काही विशेष आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं. ते कळायला मला वेल्समध्ये येऊन राहावं लागलं.

१९९४ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही वेल्सच्या वायव्य भागात, बेथेस्डा नावाच्या गावी आलो. पाटीच्या दगडाच्या प्रचंड खाणीच्या पायथ्याशी वसलेलं, बाराही महिने पावसात भिजणारं गाव. मी इंग्लंडला निघाले आहे अशी माझी समजूत होती. पोस्टात, बेकरीत, शाळेच्या फाटकापाशी लोक बोलत होते ती भाषा इंग्रजी नव्हती, हे समजायलाच दोन दिवस गेले. पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या बाईंनी दाराच्या फटीतून एक घडी घातलेला अंक आत सरकवला. त्यातलं एक अक्षर मला वाचता येत नव्हतं. पण तिसऱ्या की चौथ्या पानावर म्हाताऱ्या माणसांचे लहान लहान फोटो होते, खाली नावं, गावं, तारखा, आणि मी मनात म्हटलं, हे तर आमच्या बाबांचं पान. या पुस्तकातल्या लेखांची सुरुवात त्या ओळखीतून झाली.

त्या अंकाला वेल्श भाषेत ‘पापिर ब्रो’ म्हणतात. ‘पापिर’ म्हणजे कागद किंवा वर्तमानपत्र. ‘ब्रो’साठी इंग्रजीत नेमका शब्द नाही, मराठीत मात्र आहे: पंचक्रोशी. चालत जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल एवढा मुलूख. पहिला असा कागद, ‘अ दिनेसिद’ म्हणजे ‘नागरिक’, एप्रिल १९७३मध्ये राजधानी कार्डिफमध्ये निघाला. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्या शहरात रस्त्यावर वेल्श ऐकू येणं दुर्मीळ झालं होतं, तिथं विखुरलेल्या वेल्श माणसांना एकमेकांचा पत्ता लागावा म्हणून तो निघाला. खेड्यांनी ही कल्पना लगेच उचलली. दहा वर्षं उलटायच्या आत दऱ्याखोऱ्यांतून असे डझनांनी कागद निघू लागले, आणि आजही पन्नासहून अधिक चालू आहेत. महिन्यातून एकदा निघणारे, बहुतेक उन्हाळ्यात सुट्टी घेणारे, आणि जवळजवळ सगळे बिनपगारी माणसांनी चालवलेले.

नावंही पाहा. लॅम्पिटर भागातल्या कागदाचं नाव ‘क्लॉन्क’, म्हणजे गप्पा. प्रेसेली डोंगराकडचा ‘क्लेब्रान’, म्हणजे बडबड. टालिबॉन्टचा ‘पापिर पाउब’, सगळ्यांचा कागद. आमच्या खोऱ्याचा १९७४पासून निघणारा ‘ल्हाइस ओग्वान’, ओग्वानचा आवाज. या शेवटच्या नावात एक गोष्ट दडलेली आहे. नकाशावर नदीचं नाव ‘ओग्वेन’ असं आहे, पण आमच्याकडची माणसं ‘ओग्वान’ म्हणतात, कारण या भागात शेवटच्या ‘ए’चा ‘आ’ होतो. कागदानं नकाशाचं नाव घेतलं नाही, तोंडातलं घेतलं. बेळगावच्या एखाद्या पत्रानं आपल्या नावातच ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ छापावं, आणि कुणी शाळामास्तरांनी त्यावर लाल रेघ मारू नये, असं हे आहे. छापील अक्षराला जो मान असतो तो इथं बोलीला दिला गेला. शाळेत ‘चुकीचं’ ठरलेलं बोलणं पहिल्या पानाच्या डोक्यावर दर महिन्याला येत असेल, तर ते बोलणाऱ्या माणसाची मान किती ताठ होत असेल, हे मला बेळगावकर म्हणून चांगलं समजतं. पुण्याला कॉलेजात गेले तेव्हा माझ्या ‘जातोय की’ला वर्ग हसला होता.

आत काय असतं? मेंढ्यांच्या प्रदर्शनाचे निकाल. ‘मेर्खेद अ वाउर’ या बायकांच्या संस्थेच्या शाखेत या महिन्यात कोण बोलायला आलं आणि चहाची व्यवस्था कुणाकडे होती. शाळेतल्या ऐस्टेडव्हॉडमध्ये, म्हणजे गाण्या-कवितांच्या स्पर्धेत, कुणाचा पहिला नंबर आला. कुणाचं ऑपरेशन झालं आणि आता ती घरी आली आहे. कुणाच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. चॅपेलचं छप्पर गळतं आहे. शंभर वर्षांपूर्वीचा खाणकामगारांचा एक फोटो आणि खाली विचारणा: डावीकडून तिसरा कोण, कुणी सांगेल का? पुढच्या अंकात उत्तर असतं, आणि त्याच्या पुढच्या अंकात त्या उत्तराला हरकत.

ही बारीकसारीक यादी मी मुद्दाम दिली, कारण माझं सगळं म्हणणं याच यादीत आहे. वेल्श भाषेला थोर वाङ्मयाची कधीच वाण नव्हती. बिशप विल्यम मॉर्गन यांनी १५८८ साली संपूर्ण बायबल या भाषेत आणलं, आणि कवितेची परंपरा तर त्याच्याही कितीतरी शतकं मागे जाते. तरी १९०१च्या जनगणनेत वेल्समधले जवळजवळ निम्मे लोक वेल्श बोलत होते, ते १९६१मध्ये सव्वीस टक्क्यांवर आले. भाषा गेली ती काव्यातून नाही. ती गेली कोर्टातून, बँकेतून, टपालाच्या फॉर्मवरून, दुकानाच्या गल्ल्यावरून. देवळात आणि दुःखात बोलायची भाषा एक आणि कामाची दुसरी, अशी वाटणी झाली की पहिली भाषा आदरानं कपाटात ठेवली जाते. पंचक्रोशीच्या कागदानं तिला कपाटातून काढलं आणि मेंढ्यांच्या किमती सांगायला लावल्या. ज्या भाषेत हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात देता येते, ती भाषा लोक पुढच्या पिढीला द्यायला धजतात, असं माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे.

वेल्श वर्तमानपत्रांचा इतिहास या कागदांहून बराच जुना आहे. ‘सेरेन गोमर’ हे पहिलं वेल्श साप्ताहिक स्वॉन्झीला १८१४ साली निघालं, बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’च्या अठरा वर्षं आधी. वर्तमानपत्रांवरच्या मुद्रांक कराच्या ओझ्याखाली ते साप्ताहिक रूपात दुसऱ्याच वर्षी बंद पडलं. हा कर १८५५मध्ये उठला आणि मग वेल्श पत्रांना बहर आला. अॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं १९१९पर्यंतची जुनी पत्रं, अकरा लाखांहून अधिक पानं, संगणकावर कुणालाही फुकट वाचता येतील अशी ठेवली आहेत. मी कितीतरी रात्री त्यांत घालवल्या आहेत. दोनच गोष्टी इथं नोंदवते. जांभेकरांनी ‘दर्पण’ मराठी आणि इंग्रजी अशा दोन रकान्यांत छापलं, कारण त्यांना राज्यकर्त्यांपर्यंतही पोचायचं होतं. ‘सेरेन गोमर’नं फक्त वेल्श लोकांशी बोलायचं ठरवलं. दोन्ही वाटा आजही चालू आहेत, आणि त्यांतली कुठली बरोबर याचं एकच उत्तर माझ्याजवळ नाही.

आता दूरचित्रवाणीकडे. इथली कथा मात्र सावकाश सांगायला हवी.

१३ फेब्रुवारी १९६२ रोजी नाटककार सॉन्डर्स ल्युइस यांचं ‘तंगेद अर याइथ’, म्हणजे ‘भाषेचं भवितव्य’, हे व्याख्यान बीबीसीच्या रेडिओवरून झालं. हेच चालू राहिलं तर एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास वेल्श जिवंत भाषा म्हणून संपेल, असं त्यांनी सांगितलं. त्याच वर्षी तरुणांनी वेल्श भाषा संघटना काढली. पाट्या, कोर्ट, फॉर्म यांबरोबरच त्यांची एक मागणी दूरचित्रवाणीची होती. तोवर वेल्श कार्यक्रम इंग्रजी वाहिन्यांवर, अडनिड्या वेळी, कुठंतरी बसवलेले असत. यात दोन्हीकडचे लोक नाराज. वेल्श बोलणाऱ्याला आपली भाषा रात्री उशिरा भेटे. वेल्श न येणाऱ्याचा आवडता इंग्रजी कार्यक्रम तिच्यामुळे हुके, म्हणून आग्नेय वेल्समधल्या कित्येकांनी घरावरचे अँटेना इंग्लंडच्या मनोऱ्यांकडे वळवले होते. स्वतंत्र वाहिनीची मागणी त्यामुळे भाषेवर जीव टाकणाऱ्यांपुरती उरली नाही, भाषेचा त्रास होणाऱ्यांनाही ती सोयीची वाटू लागली.

१९७९च्या निवडणुकीत दोन्ही मोठ्या पक्षांनी वाहिनीचं वचन दिलं. निवडून आलेल्या सरकारनं काही महिन्यांतच ते मागे घेतलं. लोकांनी दूरचित्रवाणीचं परवाना शुल्क भरायचं नाकारलं आणि काही जण तुरुंगात गेले. ऑक्टोबर १९७९मध्ये तीन प्रतिष्ठित, पांढरपेशे गृहस्थ पेनकारेगच्या प्रक्षेपण केंद्रात शिरले आणि त्यांनी ते बंद केलं: पेनार डेव्हिस धर्मशास्त्राचे पंडित, मेरेदिद एव्हन्स लोकगीतांचे अभ्यासक, नेड थॉमस प्राध्यापक. पुढं मे १९८०मध्ये प्लाइद कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे ग्विनफर एव्हन्स यांनी जाहीर केलं की वचन पाळलं नाही तर ऑक्टोबरपासून आपण प्राणांतिक उपोषण करू. वय सदुसष्ट. शांततावादी माणूस, गांधींचा आदर करणारा. १७ सप्टेंबरला सरकारनं माघार घेतली आणि १ नोव्हेंबर १९८२ रोजी ‘एस फोर सी’ ही वाहिनी सुरू झाली.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पोट्टी श्रीरामुलू आठवले. भाषिक राज्यासाठी १९५२ साली त्यांनी उपोषणात प्राण दिला, त्यातून आंध्र झाला आणि त्याच लाटेत पुढं संयुक्त महाराष्ट्राचा लढा उभा राहिला. राज्यासाठी माणूस मरायला तयार होतो, हे आमच्या पिढीनं घरात ऐकलेलं. पण दूरचित्रवाणीच्या वाहिनीसाठी? काही वर्षं इथं राहिल्यावर मला उलगडा झाला. दिवाणखान्यातला पडदा जी भाषा बोलतो ती पोरांची भाषा होते, आणि जिच्याजवळ पोरं नाहीत त्या भाषेला राज्य मिळून तरी काय उपयोग.

वाहिनीनं भाषेचं काय केलं? बरंच केलं, आणि सगळं गोड नाही. आधी बोलींचं सांगते. उत्तरेत ‘आत्ता’ला ‘रूआन’ म्हणतात, दक्षिणेत ‘नाउर’. रोमन अक्षरांत लिहिलं तर एक शब्द उलटा वाचला की दुसरा होतो. दूध इकडे ‘ल्हेव्रिथ’, तिकडे ‘ल्हाइथ’. आजी इकडे ‘नाइन’, तिकडे ‘मामगी’. आमच्या गल्लीतल्या वृद्ध बाई सांगायच्या की तरुणपणी त्यांना दक्षिणेतल्या माणसाशी बोलताना इंग्रजीचा आधार घ्यावासा वाटे. मग ‘पॉबॉल अ कूम’ म्हणजे ‘खोऱ्यातली माणसं’ ही मालिका घराघरांत आली. ती बीबीसीवर १९७४ साली सुरू झाली, पुढं ‘एस फोर सी’वर गेली आणि अजून चालू आहे. तिचं गाव नैर्ऋत्य वेल्समधलं, बोली तिथलीच. वीस वर्षं ती ऐकून उत्तरेचा कान तयार झाला. १९९५मध्ये अँगलसी बेटावरची ‘रॉन्ड अ रॉन्ड’ आली आणि दक्षिणेच्या मुलांना आमच्याकडचं बोलणं कळू लागलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं तेव्हा प्रमाण मराठीच प्रामुख्यानं घरोघर गेली. वऱ्हाडी, मालवणी बोलणारी माणसं पडद्यावर बहुधा हसवण्यासाठी येत. इथल्या मालिकेत बोली बोलणारं पात्र रडतं, भांडतं, कर्ज काढतं, मरतं. हा फरक मला फार मोठा वाटतो.

शब्दांचंही पाहा. रग्बी हा वेल्सचा जीव, पण त्याची भाषा इंग्रजी होती. आइक डेव्हिस या शिक्षकानं १९५०च्या दशकापासून रेडिओसाठी वेल्श शब्द घडवले. ‘ट्राय’ला ‘काइस’, म्हणजे प्रयत्न. बाहेरच्या हाफला ‘मासुर’. ‘मास’ हा ‘बाहेर’साठीचा दक्षिणी शब्द, तरी आज उत्तरेतली पोरं मैदानावर ‘मासुर’च म्हणतात. बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचं समालोचन करायचे ते ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. सामना चालू असताना, चेंडू हवेत असताना जो शब्द तोंडातून निघतो तोच टिकतो; समितीच्या बैठकीत केलेल्या शब्दाला तेवढा दम नसतो.

ब्रिटनच्या बाकीच्या भागाची गोष्टही याहून फार वेगळी नाही. बीबीसीनं १९२६ साली शुद्ध उच्चार ठरवायला समिती नेमली, राजकवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे अध्यक्ष. पंधरा वर्षांनी, महायुद्धात, यॉर्कशायरचे विल्फ्रेड पिकल्स आपल्या उत्तरी उच्चारात राष्ट्रीय बातम्या वाचू लागले तेव्हा तक्रारींची पत्रं आली. इंग्रजी बोलणाऱ्यांनाही आपल्याच घरातला उच्चार रेडिओवर ऐकून लाज वाटत होती.

आता कडू भाग. वाहिनी आली, शाळा आल्या, कायदे आले. तरी २०२१च्या जनगणनेत वेल्श येणारे १७.८ टक्केच निघाले, सुमारे ५ लाख ३८ हजार. २००१मध्ये हेच प्रमाण २०.८ होतं. पडदा एकट्यानं भाषा वाचवत नाही. पडद्यावरची भाषा ऐकून मूल तीच भाषा शेजाऱ्याशी बोलेल याची हमी कुणी देऊ शकत नाही, आणि शेजारीच इंग्रजी बोलणारा आला असेल, घरांच्या किमतींमुळे खोऱ्यातली तरुण माणसं बाहेर गेली असतील, तर मालिका काय करणार? १९९०च्या दशकात ‘रेडिओ कम्री’ या वेल्श रेडिओ केंद्रानं तरुणांसाठी बोलणं सैल केलं, इंग्रजी गाणी लावली, तेव्हा मोठं वादळ उठलं. एक बाजू म्हणे, तुम्ही भाषा पातळ करता आहात. दुसरी म्हणे, आम्ही असंच बोलतो, आमच्यासाठी कुणी कधी बोलणार? मराठी पत्रांच्या पुरवण्यांतली भाषा बघून माझं मन पहिल्या बाजूला जातं. माझी मुलगी बोलते ते ऐकलं की दुसऱ्या बाजूला.

पंचक्रोशीच्या कागदांतही उणिवा आहेत, त्या झाकून चालणार नाहीत. ते भांडण टाळतात. पक्षीय राजकारणाला बहुतेकांत जागा नसते. ज्याच्याविरुद्ध लिहायचं तो उद्या बेकरीत भेटणार असतो, हे खरंच. पण मग नगरपालिकेनं काय केलं हे विचारायचं कुणी? ते काम इंग्रजी स्थानिक साप्ताहिकांचं होतं, आणि ती पटापट मिटताहेत. २००५नंतर ब्रिटनमध्ये अडीचशेहून अधिक स्थानिक पत्रं बंद पडली. पोर्ट टॅल्बट हे पोलाद कारखान्याचं मोठं गाव. तिथलं ‘गार्डियन’ २००९मध्ये बंद झालं. त्यानंतर गावाचं काय झालं यावर कार्डिफ विद्यापीठात अभ्यास झाला. लोकांना गोष्टी कळायच्या उशिरा, निर्णय होऊन गेल्यावर, आणि मधल्या वेळात अफवा गाव चालवायच्या. काही पत्रकारांनी मिळून तिथं स्वतःचं पत्र काढलं. तेही २०१६मध्ये थांबलं. जाहिरातीविना पत्र चालत नाही आणि जाहिरात आता फोनच्या पडद्यावर गेली आहे, एवढंच त्याचं कारण. या विषयावर पुढं एक पूर्ण लेख आहे.

आणि आपण? लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२पासून आहे. पंजाबी ‘देस परदेस’ १९६५मध्ये आणि गुजराती ‘गरवी गुजरात’ १९६८मध्ये ब्रिटनमध्येच निघाली आणि दुकानादुकानांतून विकली गेली. मराठीचं तसं साप्ताहिक इथं रुजलं नाही. आपली माणसं विखुरलेली, दुकानदारीत कमी, नोकरीत जास्त, आणि पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रं आता सकाळीच फोनवर. पण पुण्याच्या वर्तमानपत्रात लेस्टरच्या मराठी घरातल्या मुलीनं शाळेत काय केलं ते येत नाही, आणि लीड्सला कुणी आजारी पडलं तर ते कळायला ग्रुपवर कुणाला तरी आठवण व्हावी लागते. या पुस्तकातल्या निम्म्या लेखांमागे ही खंत आहे. वेल्सच्या दऱ्यांमध्ये मी काय शिकायला गेले होते, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

महिन्यातून एका संध्याकाळी आमच्याकडे ‘नोसॉन ब्लगी’ असते, घडी घालायची रात्र. छापून आलेले कागद लांब टेबलांवर मांडतात आणि दहापंधरा माणसं ओळीनं उभी राहून ते एकात एक घालतात, दुमडतात, गठ्ठे बांधतात. मी बावीस वर्षं जाते आहे. भाषा मी वर्गात कमी आणि त्या टेबलापाशी जास्त शिकले, कारण हात कामात असले की माणूस चुकायला घाबरत नाही. वेल्शमध्ये शब्दाचं सामान्यरूप सुरुवातीला होतं, शेवटी नाही, हे मला तिथंच कुणीतरी समजावलं. आपण ‘पुणे’चं ‘पुण्यात’ करतो. ते ‘बँगोर’मध्ये म्हणायचं असलं की ‘बी’ काढून ‘एम’ घालतात, ‘अम् मांगोर’. परक्या गावांना मात्र हा नियम लावतातच असं नाही. मराठी पत्रंही पूर्वी ‘लंडनात’ छापायची, आता ‘लंडनमध्ये’ छापतात.

२०११च्या पावसाळ्यात बाबा गेले. ‘तरुण भारत’मध्ये निधन वार्ता आली, रक्षाविसर्जनाची तारीखवेळ त्यात होती, आणि वडगाव-खानापूरची माणसं वेळेवर आली. मी परत आल्यावर संपादकबाईंचा फोन आला. आमच्या कागदात सांत्वनाच्या चार ओळी द्यायच्या होत्या. गावाचं स्पेलिंग विचारून झाल्यावर त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, पहिलं अक्षर बदललं तर चालेल का? मी म्हटलं, बदला. त्या महिन्याच्या घडीच्या रात्री ते पान माझ्याच हातात आलं. बाबा ‘अम् मेलगाव’ वारले होते. त्याच्या वरच्या ओळीत आमच्या मागच्या गल्लीतले एक आजोबा ‘अम् मांगोर’ गेले होते.